लाल वाईनची चव आणि गुणांकन : वाईन-द्राक्ष बागायतदारांसाठी एक धडा



ज्वारीची भाकरी मोडली की पहिल्याच घासाला आपण सांगतो, ही मालदांडीची की संकरित वाणाची. गुळाचा खडा जिभेवर ठेवून ऊस चोपण, खारवट रानातला होता की चांगल्या निचऱ्याच्या, हे ओळखणारी जाणती माणसे आजही गुऱ्हाळावर भेटतात. आपण पिकवतो ते आपण खातो, म्हणून ही पारख आपल्याला आपोआप येते.

वाईनच्या द्राक्षाचे मात्र तसे नाही. दहा-दहा वर्षे बाग सांभाळलेल्या बागायतदाराला आपल्या मालाची वाईन कशी लागते हे सांगता येत नाही. माल काट्यावर चढला, रसातील साखर (ब्रिक्स) मोजली, पावती हातात पडली की त्याचा आणि त्या द्राक्षाचा संबंध संपतो. पुढच्या वर्षी दर कमी का झाला, माल नाकारला का गेला, याचे कारण वाईनमध्ये असते. ती चाखण्याची सवय नसल्याने समोरचा सांगेल ते ऐकून घेण्यापलीकडे त्याच्या हाती काही उरत नाही.

या लेखाचा हेतू दारूचा प्रचार करण्याचा नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट करतो. दुधाची प्रत तपासायला जसे फॅट काढणे, तसेच वाईनची प्रत तपासायला चाखणे. हे तंत्र शिकण्यासाठी महागड्या बाटल्यांचीही गरज नाही. फारशा न गाजलेल्या भागांतील, बेताच्या किमतीच्या लाल वाईन त्यासाठी अधिक उपयोगी पडतात. ते कसे, हे क्रमाने पाहू.

कमी नावाजलेल्या भागांची वाईन का निवडावी?

बाटलीच्या किमतीत केवळ द्राक्षाची किंमत नसते. जमिनीचा भाव, भागाचे नाव, जाहिरात, जड बाटली आणि कर हे सर्व त्यात मिळवलेले असते. बोर्डोमधील नामांकित मळ्याच्या बाटलीत नावाचा वाटा मोठा असतो. ज्या भागाला अजून नाव नाही, तेथील बाटलीत तो वाटा कमी असतो. म्हणजे त्याच पैशात द्राक्ष आणि कारागिरी जास्त मिळण्याची शक्यता असते. शक्यता म्हणतो, खात्री नव्हे. म्हणूनच चाखून गुण द्यायचे.

दुसरे कारण आपल्या अधिक जवळचे आहे. अशा भागांतील वाईनमध्ये तेथील पाणी, ऊन आणि वाण यांचा परिणाम ठळकपणे कळतो. काही उदाहरणे पाहा.

१) हुमिया, स्पेन : आग्नेय स्पेनमधील या भागात वर्षाला सुमारे ३०० मि.मी. पाऊस पडतो, म्हणजे आपल्या माण-खटावपेक्षाही कमी. मोनास्त्रेल या वाणाच्या बुटक्या, मांडव नसलेल्या वेली चुनखडीच्या रानात तग धरतात. उत्पादन कमी येते, पण वाईन गडद, भरदार आणि पिकल्या फळाच्या वासाची होते.

२) उरुग्वे : येथे हवा दमट आणि पाऊस भरपूर. एकोणिसाव्या शतकात युरोपातील बास्क स्थलांतरितांनी तन्ना हा जाड सालीचा, अतिशय तुरट वाण तेथे नेला आणि तोच देशाची ओळख बनला. टॅनिन म्हणजे काय, हे जिभेला शिकवायचे तर याहून चांगला वाण नाही.

३) काखेती, जॉर्जिया : येथील सापेरावी या वाणाची सालच नव्हे, तर गरही लाल असतो. जमिनीत पुरलेल्या मातीच्या मोठ्या रांजणात वाईन करण्याच्या तेथील पद्धतीची युनेस्कोने २०१३ मध्ये सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद घेतली.

४) लांगदोक, फ्रान्स : दक्षिण फ्रान्सचा हा भाग दीर्घकाळ नावावर नव्हे, तर मापावर वाईन विकत होता. भाव कोसळले तेव्हा १९०७ मध्ये तेथील द्राक्ष उत्पादक रस्त्यावर उतरले. त्या वर्षी ९ जून रोजी मोंपेलिए शहरात लाखोंची सभा झाली. पुढे अनेक दशकांनी कमी उत्पादन, निवडक वाण आणि स्वच्छ तळघरे यांच्या बळावर तेथील वाईनने प्रत सुधारली. आजही तेथे बेताच्या किमतीत चांगली बाटली मिळू शकते.

आपल्याकडेही हेच लागू पडते. नाशिकचे नाव झाले आहे. पण सोलापूर जिल्ह्यातील अकलूज, सांगलीतील पलूस, पुण्यातील नारायणगाव व बारामतीचा परिसर, तसेच शेजारच्या कर्नाटकातील नंदी टेकड्यांचा भाग, येथेही वाईनची द्राक्षे पिकली आहेत. परदेशी बाटलीवर आयात शुल्क लागून ती महाग पडते. तेव्हा सहा नमुन्यांपैकी चार देशी आणि दोन परदेशी, असा मेळ घालावा. वर्गणी काढून आठ-दहा जणांनी मिळून केल्यास खर्च आटोक्यात राहतो.

चाखण्याची तयारी

१) वेळ सकाळी दहा ते बाराची ठेवावी. पोट फार भरलेले किंवा उपाशी नसावे. तंबाखू, मिश्री, पान, विडी त्या दिवशी पूर्ण वर्ज्य. अत्तर, उदबत्ती, फोडणीचा वास यांपासून खोली दूर असावी.

२) काचेचे, पातळ कडेचे, तोंडाशी निमुळते पेले घ्यावेत. साबणाचा वास राहू नये म्हणून गरम पाण्याने धुऊन सुती फडक्याने पुसावेत. प्रत्येक पेल्यात ३० ते ४० मि.ली. एवढीच वाईन ओतावी.

३) लाल वाईनचे तापमान १६ ते १८ अंश सेल्सिअस असावे. पुस्तकात 'खोलीच्या तापमानाला' असे लिहिलेले असते, पण ती थंड देशातली खोली. आपल्या एप्रिलच्या खोलीत वाईन नुसती अल्कोहोलचा भपका मारते. बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मग घ्यावी.

४) बाटल्यांवर वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून १ ते ६ क्रमांक टाकावेत. हे काम चाखायला न बसणाऱ्या माणसाने करावे. किंमत, गाव, वाण काहीही सांगू नये.

५) सहापैकी एक वाईन मुद्दाम दोन क्रमांकांनी ठेवावी. याचा उपयोग पुढे सांगितला आहे.

६) प्रत्येकासमोर पांढरा कागद, पेन्सिल, साधे पाणी, बिनमिठाच्या भाकरीचा किंवा पावाचा तुकडा आणि थुंकण्यासाठी भांडे ठेवावे. चाखलेली वाईन गिळायची नाही. जगभरातील परीक्षक थुंकतात, त्यात संकोच नको.

७) राज्यात वाईनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे. परवान्याचे नियम पाळावेत. चाखणाऱ्याने त्या दिवशी मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर चालवू नये.

गुणपत्रिका (एकूण २० गुण)

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी १९५० च्या दशकात वाईनसाठी २० गुणांची पद्धत रूढ केली. वृत्तपत्रांत व मासिकांत १०० पैकी गुण दिलेले आढळतात, पण ती मोजणी प्रत्यक्षात ५० पासून सुरू होते. नवशिक्याला २० ची पट्टी सोपी जाते. बागायतदारांच्या सोयीसाठी तिची मांडणी आम्ही पुढीलप्रमाणे केली आहे.

रंग व स्वच्छता – ३ गुण
वास – ५ गुण
आम्लता – ३ गुण
टॅनिन (तुरटपणा) – ३ गुण
भरदारपणा व अल्कोहोल – २ गुण
चवीचा शेवट – २ गुण
एकूण समतोल – २ गुण

१७ ते २० गुण उत्कृष्ट, १४ ते १६ चांगली, ११ ते १३ साधारण आणि १० किंवा त्याहून कमी सदोष असे समजावे.

प्रत्यक्ष चाखणे

रंग : पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरावा. कडेला जांभळट झाक असेल तर वाईन कोवळी, विटकरी झाक असेल तर जुनी. एक-दोन वर्षांच्याच वाईनला विटकरी कड दिसली तर हवा लागून ती उतरली असावी. गढूळपणाला गुण कापावेत. गडद रंग म्हणजे चांगली वाईन असे मात्र नव्हे.

वास : प्रथम पेला न हलवता, मग हलकेच गोल फिरवून वास घ्यावा. सुचेल तो शब्द आपल्या भाषेत लिहावा. 'ब्लॅककरंट' हे फळ आपण पाहिलेले नाही, तेव्हा ते लिहू नये. जांभूळ, करवंद, कोकम, मिरी, लवंग, ओली माती, नवा पाट, चिंचेचा कोळ, ढोबळी मिरची हे वास आपल्या ओळखीचे आहेत. तेच लिहावेत.

चव : लहान घोट घेऊन तोंडभर फिरवावा. जिभेच्या कडांना लाळ सुटते ती आम्लतेने. हिरड्या आणि गाल आवळतात, कच्चे जांभूळ खाल्ल्यासारखे वाटते, ते टॅनिनने. घशाकडे ऊब लागते ती अल्कोहोलने. तिन्ही वेगवेगळे ओळखता आले की निम्मा अभ्यास झाला. टॅनिन किती आहे यापेक्षा कसे आहे हे पाहावे. पिकलेल्या बियांचे व सालीचे टॅनिन मऊ लागते, कच्च्याचे टोचते.

शेवट : थुंकल्यानंतर चव किती वेळ टिकते ते मनात अंक मोजून पाहावे. तीन-चार अंकांत संपली तर एकच गुण द्यावा. दहाच्या पुढे गेली आणि ती चव आवडणारी असली, तर पूर्ण दोन.

एक नमुना संपला की पाणी प्यावे, भाकरीचा घास घ्यावा, दोन मिनिटे थांबावे. सर्वांचे गुण लिहून होईपर्यंत कोणी बोलू नये. गावातल्या मोठ्या माणसाने 'व्वा' म्हटले की बाकीच्यांचे गुण वाढतात, हा अनुभव आहे. सर्व कागद गोळा झाल्यावरच बाटल्यांवरील कागद काढावेत आणि किंमत सर्वांत शेवटी सांगावी. मग गुणांचा क्रम आणि किमतीचा क्रम शेजारी शेजारी मांडावा. ज्या बाटलीचा गुणांत क्रम वर आणि किमतीत खाली, ती खरी परवडणारी वाईन.

आपलीच परीक्षा

पहिल्या बैठकीत आम्ही बाटल्या झाकल्या नव्हत्या. त्यांत एक जड, बुडाला खोल खळगा असलेली, परदेशी लेबलाची बाटली होती. तिला सर्वांनी भरघोस गुण दिले, त्यांत मीही होतो. पुढच्या महिन्यात तीच वाईन कागदात गुंडाळून ठेवली, तर सहांत चौथी आली. त्याच दिवशी दोन क्रमांकांनी ठेवलेल्या एकाच वाईनला मी एका पेल्यात १५ आणि दुसऱ्यात ११ गुण दिल्याचे उघड झाले. वर्गात मूल्यमापन शिकवणाऱ्या माणसाला हे कबूल करणे जड गेले, पण त्या कागदाने मला जे शिकवले ते पुस्तकाने शिकवले नव्हते.

यात आपण एकटे नाही. फ्रान्समध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पांढऱ्या वाईनमध्ये वासरहित लाल रंग मिसळून ती ५४ जणांना दिली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन लाल वाईनला वापरतात त्या शब्दांत केले. डोळा नाकावर अशी कुरघोडी करतो. कॅलिफोर्नियातील राज्य मेळ्याच्या स्पर्धेवर रॉबर्ट हॉजसन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाच बाटलीतील वाईन नकळत पुन्हा दिली असता, सुमारे दहापैकी एकाच परीक्षकाचे गुण एका पदकाच्या मर्यादेत जुळले. म्हणून एका माणसाच्या एका दिवसाच्या गुणांवर निष्कर्ष काढू नये. आठ-दहा जणांची सरासरी घ्यावी. जुळ्या नमुन्यांत ज्याच्या गुणांचा फरक दोनपेक्षा जास्त आला, त्याने त्या दिवसाचे आपले गुण सरासरीतून वगळावेत.

पेल्यातील लक्षण आणि शिवारातील कारण

आता मुख्य मुद्दा. ग्राहक गुण देऊन थांबतो. बागायतदाराने गुण कापला तेथे 'का?' असे विचारून आपल्या बागेकडे वळावे.

१) ढोबळी मिरची, हिरव्या पानांचा वास : माल लवकर तोडला किंवा घड दाट सावलीत वाढले. कॅबर्ने सोव्हिन्यो व त्याच्या जवळच्या वाणांत हा वास मुळातच असतो. पिकताना आणि घडांना प्रकाश मिळाल्याने तो कमी होतो. मण्यांत पाणी उतरण्यापूर्वीच घडांजवळची काही पाने सकाळच्या उन्हाच्या बाजूने काढावीत. दुपारच्या बाजूची पाने ठेवावीत, नाहीतर मणी करपतात.

२) पाणचट, शेवट नसलेली वाईन : वेलीवर घडांचा भार जास्त किंवा काढणीच्या तोंडावर पाणी जास्त. खाण्याच्या द्राक्षात मण्याची फुगवण हा गुण असतो. वाईनच्या द्राक्षात तोच दोष ठरतो, कारण रंग आणि टॅनिन सालीत असतात आणि मोठ्या मण्यात गराच्या मानाने साल कमी पडते.

३) सपक, आंबटपणा हरवलेली वाईन : रसाचा सामू जास्त. जमिनीतून पालाश जास्त उचलला गेला की रसातील टार्टारिक आम्ल क्षाराच्या रूपाने खाली बसते आणि सामू वाढतो. लाल वाईन सालीसह आंबवली जात असल्याने सालीतील पालाशही तीत उतरतो. अशी वाईन लवकर बिघडते आणि रंगही टिकत नाही.

४) घसा जाळणारी, मुरंब्यासारखी वाईन : माल जास्त पिकवला. साखर वाढली की अल्कोहोल वाढते. साधारण २४ ब्रिक्सच्या रसापासून १३ ते १४ टक्के अल्कोहोल तयार होते.

५) सडक्या अंड्याचा वास : भुरीसाठी गंधकाची फवारणी काढणीच्या फार जवळ झाली किंवा रसात यीस्टला पुरेसा नत्र मिळाला नाही.

६) व्हिनेगर किंवा नखांच्या रंगाचा वास : फुटलेले, कुजके मणी क्रेटमध्ये गेले, माल उन्हात तळघराच्या दारात थांबला किंवा तळघरात स्वच्छता नव्हती. काढणी पहाटे करून माल उन्हापूर्वी पोचवावा.

७) ओल्या पुठ्ठ्याचा वास : हा बहुधा बुचाचा दोष आहे. बागायतदाराचा यात काही संबंध नाही, हेही माहीत असावे.

चिलीचा धडा

पेल्यातून शिवाराकडे जाणारी वाट किती खरी असते, याचे उदाहरण दक्षिण अमेरिकेतील चिली देशाने दिले. तेथील पुष्कळशा मर्लो वाईनला हिरव्या मिरचीचा वास येई. तो तेथील मातीचा गुण असावा असे समजले जाई. १९९४ मध्ये फ्रेंच वाणतज्ज्ञ जाँ-मिशेल बुर्सिको यांनी तेथील मळे पाहिले आणि दाखवून दिले की, ज्याला मर्लो म्हणतात त्यातील बऱ्याच वेली कार्मेनेर या वाणाच्या आहेत. एकोणिसाव्या शतकात बोर्डोहून आलेला हा वाण त्याच्या मूळ भागातून जवळजवळ नाहीसा झाला होता. तो मर्लोपेक्षा तीन-चार आठवडे उशिरा पिकतो. मर्लोच्या बरोबर तोडल्याने तो कच्चा जात होता. वेली वेगळ्या ओळखून काढणी उशिरा केली आणि त्याच वाणाने चिलीला नाव मिळवून दिले. मातीला दोष देत बसले असते तर हे साधले नसते.

एका बागायतदाराचा अनुभव

आमच्या बैठकीला दिंडोरी तालुक्यातील एक बागायतदार येत असत. त्यांच्या कॅबर्नेच्या मालाची साखर दरवर्षी चांगली भरत असे, तरीही खरेदीदाराने दर कमी केला होता. 'मालात दम नाही' एवढेच त्यांना सांगितले गेले. तो केवळ भाव पाडण्याचा बहाणा आहे, असे त्यांचे मत होते. २००८ नंतरच्या मंदीत वाईन कंपन्यांनी माल उचलणे कमी केले आणि अनेकांनी वाईनच्या बागा काढून टाकल्या, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यामुळे त्यांचा संशय अनाठायी होता असे म्हणता येणार नाही.

एकदा झाकलेल्या सहा बाटल्यांत आम्ही त्यांच्याच प्लॉटच्या मालाची वाईन ठेवली. त्यांना ते माहीत नव्हते. रंगाला त्यांनी तीनपैकी तीन दिले, आम्लतेला एक. शेरा लिहिला, 'उतरलेल्या सरबतासारखी'. कागद काढल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सर, पालाश मी थॉमसनच्या हिशेबानंच देतो." थॉमसन ही त्यांची खाण्याच्या द्राक्षाची बाग. दोन्ही बागांना एकच वेळापत्रक चालले होते.

पुढच्या हंगामात त्यांनी पानदेठ परीक्षण करून घेतले, अहवालाप्रमाणे पालाश कमी केला आणि ब्रिक्सबरोबर सामूही मोजायला सुरुवात केली. काढणीच्या वेळी सामू ३.९ वरून ३.६ वर आला. एका बागेच्या एका हंगामावरून शिफारस करता येत नाही, तेव्हा हे आकडे इतरांनी जसेच्या तसे घेऊ नयेत. पण दराच्या बोलणीला बसताना त्यांच्या हातात आता ब्रिक्सच्या पावतीबरोबर सामूची नोंद आणि गुणपत्रिका असते. समोरचा 'दम नाही' म्हणाला, तर 'कशात कमी पडली, आम्लतेत की टॅनिनमध्ये?' असे ते विचारू शकतात.

काही मर्यादा

चाखणे हे रासायनिक पृथक्करणाला पर्याय नाही. साखर, सामू आणि एकूण आम्लता यंत्राने मोजलीच पाहिजे. साधारणपणे लाल वाईनसाठी २२ ते २४ ब्रिक्स व ३.४ ते ३.६ च्या आसपास सामू समाधानकारक समजतात. वाणाप्रमाणे यात फरक पडतो. तांत्रिक मार्गदर्शनासाठी पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राशी किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा.

अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. गर्भवती महिला, यकृताचे रुग्ण, नियमित औषधे घेणारे आणि व्यसनातून बाहेर पडलेले यांनी या बैठकीत चाखायला बसू नये. त्यांना नोंदी ठेवण्याचे व बाटल्या झाकण्याचे काम द्यावे. तेही तितकेच महत्त्वाचे आहे. उरलेली वाईन बैठकीनंतर वाटून पिऊ नये. तसे झाले तर अभ्यास मागे पडतो आणि घरच्यांचा विश्वासही जातो.

समारोप

बंधू-भगिनींनो, एक साधी वही करावी. डाव्या पानावर बागेच्या नोंदी : छाटणीची तारीख, वेलीवरील घड, खते, पाणी, फवारण्या, काढणीच्या दिवशीचा ब्रिक्स व सामू. उजव्या पानावर त्याच मालाच्या वाईनची गुणपत्रिका. करार करतानाच आपल्या प्लॉटच्या वाईनच्या दोन बाटल्या चाखण्यासाठी मागून घ्याव्यात. तीन हंगामांच्या नोंदी समोरासमोर आल्या की कोणत्या कामाने गुण वाढला आणि कोणत्याने घटला, हे वहीच सांगू लागेल.

सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फळछाटणीला कात्री हातात घेण्यापूर्वी एकदा तरी अशी बैठक घ्यावी. गेल्या हंगामात जिथे गुण कापला गेला, त्याचा विचार त्या छाटणीपासूनच करावा लागतो.